नदी उजव्या हाताला

तायडेसाहेब माझ्या बसमध्ये पहिल्यांदा चढले तेव्हा त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरभाऊ, ही गाडी समुद्राच्या बाजूनं जाते का आतून?" पहाटेचे साडेपाच वाजले होते. बहरीनमध्ये उम्म अल हस्समच्या कोपऱ्यावरून मी अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्याची माणसं उचलत असे. चढणारा प्रत्येक जण अर्धवट झोपेत असायचा आणि सीटवर बसल्या बसल्या मान टाकायचा. रस्ता कुठून जातो हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "कारखान्यात पोचवते. तेवढं पुरे नाही का?" ते हसले. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि दार उजवीकडे असतं. ते दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले आणि अस्कर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

चार-पाच दिवसांनी परतीच्या वाटेवर म्हणाले, "सकाळी समुद्र तुमच्याकडं असते भाऊ, दुपारी माझ्याकडं. म्हणजे सकाळी तुम्ही पाहायचा, दुपारी मी."

"साहेब, मी समुद्र बघत बसलो तर ही चाळीस माणसं त्यातच जातील."

"हाव, तेही खरंच आहे. मग तुमच्या वाट्याचाही मीच पाहातो."

हे १९९० साल असेल. यशवंत तायडे, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. शरीराने सडपातळ, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि रुमालात गुंडाळलेलं खोडरबर. ते खोडरबर दुसऱ्या कोणाला वापरायला देत नसत. बायको आणि मुलगी गावी. इथे तिघांत मिळून एक फ्लॅट. शुक्रवारी सकाळी त्या फ्लॅटमध्ये दहा-पंधरा माणसं जमून बुद्धवंदना होई आणि मग जेवण. मी खेडच्या बाजूचा सुर्वे, सातवी पास. आमच्या गावात त्यांच्या वस्तीत कोणी पाणी प्यायला गेलं नसतं. इथे मी दर शुक्रवारी जेवायच्या वेळेला बरोबर हजर असायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. त्यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

कारखान्याचं वाढीव काम चाललं होतं तेव्हा एक जर्मन इंजिनियर दोन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होता. जाताना त्याने आपली रस्त्यांच्या नकाशांची जुनी वही तायडेसाहेबांना दिली. त्या नकाशांत काही रस्त्यांच्या कडेने एक हिरवी रेघ काढलेली होती. जर्मनाने सांगितलं होतं की जिथे हिरवी रेघ, तिथे रस्ता देखणा. बस्स, एवढ्यावर माणूस गेला कामातून.

"पाहा भाऊ, काय देश आहे! कोणता रस्ता सुंदर आहे हे सरकारी नकाशावर लिहून ठेवलं. आपल्याकडं कोणी लिहिलं?"

"आपल्याकडे खड्डे लिहावे लागतील."

"तुम्हाले फक्त खड्डे दिसतात," ते म्हणायचे आणि पुन्हा वहीत डोकं घालायचे.

बहरीनमध्ये राहिलेल्या माणसालाच कळेल, हिरव्या रेघेने त्यांना का धरून ठेवलं ते. या बेटावर रस्ता संपतो. तुम्ही कितीही हळू चालवा, तासाभरात समुद्र तरी लागतो, नाहीतर फाटक आणि पोलिसांची चौकी. सगळं सपाट, सगळं एका रंगाचं. तायडेसाहेबांना असा रस्ता हवा होता की ज्याच्या पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. "वळण पाहिजे भाऊ, वळण," असं ते मंडईत भाजी घेतानासुद्धा मध्येच म्हणत.

आणि एवढा रस्तेवेडा माणूस, पण गाडी चालवता येत नव्हती. इथली लायसन्सची परीक्षा पाच वेळा नापास. कारण विचारलं तर शांतपणे सांगत, "माझं लक्ष बाहेर जाते." म्हणून ठरलं की जर्मनीत गाडी मी चालवणार. मी ठरवलं असं नाही म्हणता येणार. त्यांनी कागदावर लिहिलं आणि मग मला दाखवलं.

तो कागद म्हणजे साधा कागद नव्हता. ऑफिसात पाइपांची, पायाभरणीची, खांबांची ड्रॉइंगं होत तसं त्यांनी त्या प्रवासाचं ड्रॉइंग केलं होतं. ट्रेसिंग पेपरवर, शाईने, प्रमाण धरून. वळणांची लांबी त्यांनी नकाशावर दोरा फिरवून मोजली होती. दर दिवसाचा टप्पा वेगळा, मुक्काम वेगळा. उजव्या कोपऱ्यात खाली चौकट: ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. पहिल्या रकान्यात त्यांची सही होती. दुसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"इथं तुम्ही."

"मी? मी काय तपासणार?"

"दिवसाला किती वळणं माणूस न थकता चालवू शकते, हे मले काय माहीत? ते तुम्ही पाहा. चेक केल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नाही."

त्या वेळेपर्यंत माझी सही व्हिसाच्या कागदावर, दंडाच्या पावतीवर आणि पगाराच्या वहीत एवढीच झाली होती. माझ्या डोक्याला विचारून कोणी सही मागितली नव्हती. मी तो कागद सनद नावाच्या वस्तीतल्या माझ्या घरी नेला, दोन आठवडे रोज बघितला आणि सांगितलं की चौथ्या दिवशी अंतर फार आहे, घाटासारखा रस्ता आहे, गाडी भाड्याची असेल, इंजिनचा भरवसा नाही. त्यांनी तो दिवस मोडून दोन दिवस केले. ड्रॉइंगवर जिथे बदल झाला तिथे ढगासारखी रेघ ओढून लहान त्रिकोणात अक्षर लिहिलं: रिव्हिजन बी. मग मी सही केली. त्यांच्या ऑफिसचा नियमच तो होता. एक रेघ जरी हलवली तरी त्रिकोण काढायचा, अक्षर लिहायचं, पुन्हा तपासायला द्यायचं. "नाहीतर साइटवरचा माणूस जुन्या रेघेवर भोक पाडते आणि पाइप लागते दुसरीकडं," असं ते सांगत.

असं करत सहा वर्षांत आम्ही रिव्हिजन एचपर्यंत आलो. मी तोवर बस सोडली होती. एका बहरीनी भागीदाराबरोबर सनदजवळ जुन्या गाड्यांचा धंदा टाकला होता. देश सोडून जाणाऱ्या गोऱ्यांकडून गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरत नसे. ते मी गर्वाने सांगत नाही. त्यावरच माझं घर उभं राहिलं. तायडेसाहेब दुकानात येऊन बसले की माझं गिऱ्हाइकाशी चाललेलं ऐकत राहायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचे, "त्या बिचाऱ्याले दोन घास तरी ठेवले का?"

रिव्हिजन एच अकरा दिवसांची होती. फ्रँकफर्टला उतरायचं. बिंगेनपासून ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठाने कोब्लेंझपर्यंत, तिथून मोझेल नदीच्या काठाकाठाने वर. मग द्राक्षांच्या टेकड्या, हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, बोडनझे नावाचं मोठं सरोवर, आल्प्सचा पायथा, आणि म्युनिकहून परत. मोठा हमरस्ता, ऑटोबान, एक किलोमीटरसुद्धा नाही. मी एकदा ते ड्रॉइंग बारकाईने बघत होतो आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली.

"तायडेसाहेब, ही लबाडी आहे."

"कोणती?"

"सगळ्या नद्या उजवीकडे! ऱ्हाइन उजवीकडे, मोझेल उजवीकडे, ते सरोवरही उजवीकडे. तिथेही ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे नदी तुमच्या खिडकीला आणि समोरून येणारे ट्रक माझ्या खिडकीला!"

ते इतके हसले की चहा सांडला. "चालवणाऱ्यानं रस्ता पाहायचा, भाऊ. नदी कोणीतरी पाहिली पाहिजे ना? मी पाहातो आणि तुम्हाले सांगत जातो. तुम्ही कान इकडं ठेवा."

आणि त्याची तालीमसुद्धा आम्ही करत होतो! शुक्रवारी जेवण झालं की माझ्या दुकानातली एखादी गाडी काढायची आणि अस्करपर्यंत जायचं. जाताना ते गप्प बसत, कारण समुद्र चुकीच्या हाताला असे. अस्करला गाडी वळवली, समुद्र उजवीकडे आला, की मांडीवर ड्रॉइंग उघडून सुरू. "आता बिंगेन सोडलं. हळू, हळू. नदीत लांबलचक होड्या चालल्या आहेत. पलीकडं टेकडीवर किल्ला." मी बघायचो तर कारखान्याची धुराडी, तेलाचे पाइप आणि मळकं पाणी. पण त्यांचा आवाज असा असायचा की मी गाडी खरोखर हळू करायचो. एकदा मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून "यल्ला, यल्ला!" केलं, तेव्हा तायडेसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला सांगितलं, "किल्ला जाऊ द्या, मग येतो!" मराठीत.

त्या शुक्रवारांसारखं सुख मला नंतर मोठ्या गाडीत बसूनही मिळालं नाही.

१९९६च्या मेमध्ये जायचं पक्कं झालं. त्यांना दोन वर्षांनी घरी जायची रजा मिळायची. त्यातले अकरा दिवस त्यांनी बायकोकडे पत्र लिहून मागून घेतले. तिचं उत्तर आलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं: जाऊन या, पण स्वेटर न्या. दोघांचे व्हिसा झाले. तिकिटांचं आणि गाडीचं काम माझ्याकडे होतं, कारण घासाघीस माझी.

मी ती चांगली केली. तीन ट्रॅव्हल एजंट एकमेकांवर घातले आणि शेवटी असं पॅकेज मिळवलं की एजंट स्वतः म्हणाला, शेठ, या भावात मी माझ्या भावालाही दिलं नसतं. विमान, गाडी, मुक्काम सगळं त्यात. फक्त म्युनिकला उतरायचं आणि म्युनिकहूनच परत, आणि सात दिवस. मी तिथल्या तिथे पैसे भरले. संध्याकाळी तायडेसाहेब दुकानात आले तेव्हा मी कौतुकाची वाट बघत होतो.

त्यांनी तिकिटावरच्या तारखा आणि गावं बोट ठेवून वाचली. "मोझेल?"

"मोझेल राहील. ब्लॅक फॉरेस्ट राहील. सरोवर राहील. ऱ्हाइन आहे ना! तीच तर मोठी."

"पण या मुक्कामांनी आपण कोब्लेंझहून बिंगेनकडं येतो, म्हणजे ऱ्हाइन उलटी होते, भाऊ. नदी डावीकडं जाते."

"मग माझ्या खिडकीतून बघा! मान वळवायला पैसे पडतात का?"

"तुम्ही सही केली होती," ते म्हणाले. "एचवर. तुमची सही आहे."

"अहो, तो कागद आहे! खरं तिकीट हे आहे!"

"हाव. पण चेकरनंच न विचारता बदललं, तर मी कोणाले दाखवायचं? मी घरून अकरा दिवस मागून घेतले भाऊ. सात नाही."

मला राग आला की डोळ्यांपुढे काही दिसत नाही. माझ्या बायकोला, भागीदाराला, सगळ्यांना माहीत आहे. मी ओरडलो. दोन गिऱ्हाइकं दुकानात होती, त्यांच्यासमोर. म्हणालो, "सहा वर्षं दोरे मोजत बसलात, तुम्हाला जायचंच नव्हतं! पाच वेळा नापास झालेला माणूस मला रस्ता शिकवतो! भित्रे आहात तुम्ही. खलास!" तायडेसाहेब उठले. टेबलावरचं ड्रॉइंग मी रागाने त्यांच्याकडे ढकललं होतं, त्याची मुडपलेली कड त्यांनी बोटाने सरळ केली आणि गुंडाळी केली. "गाडी तुमची आहे," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन या."

मला वाटलं, दोन दिवसांत येतील. आले नाहीत. मीही गेलो नाही. मी कशाला जाऊ? एवढी मेहनत मी केली होती. तिकीट परत होत नव्हतं, म्हणून मी एकटा गेलो.

सात दिवस मी जर्मनीत गाडी चालवली. रस्ता इतका गुळगुळीत होता की इंजिनचा आवाज ऐकू यायचा. पाचव्या दिवशी ऱ्हाइन आली. ती माझ्या बाजूला होती, माझ्या खिडकीपासून एका लेनवर. किल्ले होते, होड्या होत्या, द्राक्षांचे मळे उभ्या टेकडीवर शिडीसारखे चढलेले होते. सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच. मी एक किल्ला बघितला, दुसरा बघितला, आणि मग चिडलो. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर माझं जॅकेट पडलेलं होतं. सहा वर्षं ज्या माणसाने कान इकडं ठेवा म्हणून सांगितलं, तो ऐन वेळी आला नाही. बिंगेनला पोचेपर्यंत मी एकदाही थांबलो नाही. तिथून ऑटोबान धरला.

परत आल्यावर त्यांचे सोबती म्हणाले, साहेब अकरा दिवस फ्लॅटमध्येच होते. मग गावी गेले. सुट्टीहून आल्यावर एकदा मंडईत समोरासमोर आलो. मी वाट बघितली, की विचारतील कसं होतं. त्यांनी विचारलं, "धंदा बरा आहे ना?" एवढंच. पुढच्या वर्षी त्यांचं कंत्राट संपलं आणि ते कायमचे गेले. विमानतळावर सोडायला पंधरा माणसं गेली होती म्हणतात. त्यांत मी नव्हतो. मला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तर गेलो असतो की नाही, सांगता येत नाही.

१९९९ साली त्यांच्या सोबत्याने दुकानात येऊन सांगितलं, तायडे गेले. हार्ट. डिसेंबरात मी भारतात आलो होतो, तेव्हा मूर्तिजापूरला गेलो. खरं सांगतो, सांत्वनाला गेलो तसा थोडा भांडायलाही गेलो होतो. ज्याच्याशी भांडायचं तो राहिला नव्हता. निदान त्याच्या घरच्यांना कळावं, की सुर्वेने सगळं जमवून आणलं होतं आणि यांनी ऐन वेळी नाही म्हटलं. तीन वर्षं ते माझ्या छातीत बसलं होतं.

दार वहिनींनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. आत वळून मुलीला हाक मारली, "सुजाता, लवकर ये! जर्मनीवाले काका आले!"

मी खुर्चीवर बसलो. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. वहिनी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याबद्दल हे रोज बोलायचे. म्हणायचे, सुर्वेभाऊ बहरीनला एवढा तापट माणूस, पण जर्मनीत अकरा दिवसांत एकदाही चिडला नाही. मी म्हणेन तिथं गाडी थांबवली."

त्या सांगतच राहिल्या.

"त्या नदीवर, काय तिचं नाव, एक तास थांबला होतात म्हणे. पाऊस होता. यांनी स्वेटर नेलंच नाही, मी लिहून पाठवूनसुद्धा. तुम्ही तुमचं जॅकेट दिलं."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. कॉलेजात जाणारी, बापासारखीच सडपातळ. वहिनी पुढे म्हणाल्या, "मी म्हटलं, एक तरी फोटो दाखवा. तर म्हणाले, कॅमेरा भाऊंचा होता आणि रोल खराब झाला." त्या माझ्याकडे बघत होत्या. "खरंच एकही नाही का हो आला?"

आयुष्यभर मी समोरच्याच्या तोंडाकडे बघून भाव ठरवत आलो. कोणाला काय माहीत आहे, कोण किती देईल, हे मला लगेच कळतं. वहिनींच्या तोंडाकडे बघून मला एवढंच कळलं की त्यांनी आपल्या नवऱ्याचे अकरा दिवस खुशीने दिले होते, आणि तो रिकाम्या हाताने घरी आला नव्हता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "सगळा रोल गेला. माझीच चूक झाली. मी घाई केली."

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही नेलं त्यांना, हे काय कमी आहे?"

त्या चहा ठेवायला उठल्या. सुजाता त्यांच्या जागी येऊन बसली. म्हणाली, "काका, बाबा नदीचं खूप सांगायचे. द्राक्षांच्या टेकड्या, हायडेलबर्ग, सगळं. पण पुढचं सांगताना मध्येच थांबायचे. शेवटचे चार दिवस तुम्ही सांगा ना."

ते चार दिवस मी कधी चालवले नव्हते. पण ते ड्रॉइंग मी तपासलं होतं, आठ वेळा, आणि त्यावर माझी सही होती. मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"आठव्या दिवशी सकाळी जंगल लागलं," मी म्हणालो. "झाडं इतकी दाट की दुपारी दिवे लावावे लागले. तुझे बाबा म्हणाले, हळू, हळू. मी हळू केली."